मुदतीआधी

सेवाग्रामला मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होते, त्या घरमालकीणबाई कराराच्या फार पक्क्या होत्या. मुदतीआधी खोली सोडली तर अनामत परत मिळणार नाही, हे त्या चावी देतानाच बजावायच्या. कुणी निघालं की आधी नळ उघडून बघायच्या, मग भिंतीवरून तळहात फिरवायच्या. खिळ्याचं भोक सापडलं की त्यात बोट घालून विचारायच्या, "हे काऊन केलं?" मला त्यांची जरा भीतीच वाटायची.

शेजारच्या खोलीत हिंगणीचा एक माणूस आला होता. बायकोवर दवाखान्यात उपचार चालू होते. दोन महिन्यांतच ती गेली. तेरवी झाल्यावर तो एकटाच चावी द्यायला आला आणि अनामतीचा विषयही न काढता परत निघाला.

"थांब नं, बापू," बाई म्हणाल्या. खोली बघायला त्या गेल्याच नाहीत. आतून सगळी अनामत आणून त्यांनी त्याच्या हातात ठेवली. "पयले जेवून घे. मंग जाजो."

तो गेल्यावर मी कराराचं विचारलं. त्याचं ताट उचलत त्या म्हणाल्या, "मुदत त्यानं थोडीच मोडली, पोरी?"