वहिनींनी काढलेले फोटो

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मंगळवारी देवळात हात जोडते तेव्हासुद्धा एवढी गोष्ट वगळून बाकीचं सगळं बोलते — देवालाही ताकास तूर लागू देत नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही वहिनींना ओळखत नाही, म्हणून असेल.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. झाशीत खंडेराव गेटच्या आत आमचं घर आहे, खाली त्या राहतात, वर आम्ही. त्यांचं माहेर गुरसरायचं. जहागीर केव्हाच गेली, पण मान ताठ राहिली. माझे वडील रेल्वेत, भुसावळहून बदलीवर आलेले. झाशीतल्या मराठी माणसांच्या दोन पंगती असतात — पेशवाईत आलेले आणि बदलीवर आलेले. माझ्या पहिल्या हळदीकुंकवाला वहिनींनी बायकांना हसत सांगितलं होतं, की रेल्वे क्वार्टरातली आहे, शिकेल हळूहळू. बायका हसल्या. मीही हसले.

हे आधी सांगितलं म्हणजे पुढचं तुम्हाला समजून घेता येईल, असा माझा डाव असेल का? असेल. म्हणून दुसरंही सांगते. मला टायफॉइड झाला तेव्हा याच वहिनी माझ्या उशाशी बसून होत्या. आईनं केलं नसतं इतकं त्यांनी केलं. आणि तरीही मला आठवायचं ते हळदीकुंकूच.

थोरल्या दिरांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांना फोटोंचा नाद. लग्न, मुंज, गणपती, कुठेही कॅमेरा त्यांच्याच गळ्यात. त्यामुळे घरात सगळ्यांचे फोटो आहेत आणि दादांचे जवळजवळ नाहीत. कॅमेऱ्याच्या दुकानात कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, की फोटो रॉ म्हणून साठवावेत, दर्जा उत्तम राहतो. तेव्हापासून त्यांचे फोटो म्हणजे असल्या जड फाइली, की त्यांच्या लॅपटॉपशिवाय कुठेच उघडायच्या नाहीत. कॅमेऱ्यावरचा छोटा पडदा कधीचा बिघडलेला. लॅपटॉप ऑफिसचा होता. ते गेल्यावर तो परत गेला.

जाण्याच्या थोडेच दिवस आधी ते दोघं बरुआसागरला गेले होते. तळ्याकाठी वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा हातात घेतला आणि दादांचे फोटो काढले. घरी आल्यावर लहान मुलीसारख्या सांगत होत्या, "आज मी खींचले, यांचे." वर्षश्राद्ध जवळ आलं, भिंतीवर लावायला फोटो हवा होता, तेव्हा त्या कॅमेऱ्यातलं कार्ड पदराच्या टोकाला बांधून वर माझ्याकडे आल्या. घरात कॉम्प्युटरचं मला कळतं. ऑफिसात दिवसभर तेच काम.

माझ्याकडे फोटो बघायचं एक छोटं, फुकटचं सॉफ्टवेअर आहे. साधे फोटो ते पटकन उघडतं. या फाइलींवर मात्र अडलं — प्रकार ओळखता येत नाही, म्हणालं. असल्या फाइलींसाठी त्याला वेगळी जोड लागते, प्लगइन म्हणतात, ती निराळी उतरवून बसवावी लागते. मी बसवली. काहीच फरक पडला नाही. वहिनी खुर्चीमागे उभ्या होत्या. पुन्हा बसवली, पुन्हा तेच. शेवटी म्हणाले, उघडत नाहीत. हे लक्षात ठेवा — पहिल्या दिवशी मी खरं बोलले होते.

"माझ्याच हातून काही गडबड झाली का गं, सुनंदा?" त्यांनी विचारलं.

बघते, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकाशी बोलताना उलगडा झाला. माझं सॉफ्टवेअर चौसष्ट बिटचं आणि मी बसवलेली जोड बत्तीस बिटची. जोडी जमत नसेल तर ते तक्रारही करत नाही, जोड नाहीच असं समजून चालतं. संध्याकाळी घरी येऊन बरोबर जोड बसवली. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू केलं. आणि दादा समोर आले.

काय होतं त्या फोटोंत? दोनचार वाकडे, एकात नुसतं आभाळ. पण बाकीचे — दादा तळ्याच्या पायरीवर बसलेत. हातात मातीसकट ताज्या आल्याची जुडी, फुलांचा गुच्छ धरावा तशी. ती ते पुढे करताहेत, वहिनींकडे, आणि हसताहेत. लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस बायकोकडे असा बघतो? माझ्याकडे कुणी कधी असं बघितलं नव्हतं. माझ्या पोटात दुखलं. दुसरा शब्द नाही त्याला.

तेवढ्यात जिन्यावर वहिनींची चाहूल लागली. मी स्क्रीनवरची फोटोंची खिडकी बंद केली. का केली? विचार असा काही केलाच नाही, बोट आपोआप गेलं — असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. पण त्या आत आल्या, जमलं का म्हणून विचारलं, तेव्हा बोट नव्हतं, जीभ होती.

"फोटो खराब झालेत, वहिनी. काढताना तुमच्याच हातून भलतं बटण दाबलं गेलं असणार."

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. आपला उजवा हात उलटसुलट करून बघत राहिल्या. रडल्या असत्या तर कदाचित मी सांगून टाकलं असतं. रडल्या नाहीत. "चलो, जाऊ दे," म्हणाल्या, "आपल्याच हाताला यश नाही." आणि खाली गेल्या. गुरसरायची ताठ मान पहिल्यांदा खाली गेलेली मी बघितली — आणि सांगते, मला बरं वाटलं.

इथेच थांबले असते तर? तरी क्षणाचा राग म्हणता आलं असतं. पण पुण्याहून पुतण्याचा, म्हणजे वहिनींच्या मुलाचा, फोन आला. त्याला मराठी कळतं, बोलतो हिंदीत. "काकू, कार्ड कूरियर कर दो, यहाँ निकलवा लेंगे." उद्याच पाठवते, म्हणाले. मग सगळे फोटो माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले आणि कार्ड पुसायला बसले. पुसण्याचे दोन प्रकार असतात. झटपट पुसलं तर जाणकार माणूस फोटो पुन्हा काढू शकतो. पूर्ण पुसलं तर काहीच हाती लागत नाही, पण वेळ लागतो. मी पूर्ण निवडलं. ते चाललं होतं तेव्हा मी भाजी निवडत होते.

पुण्यात अर्थातच काही निघालं नाही.

भिंतीसाठी मग दादांच्या ओळखपत्रावरचा फोटो घेतला. पोलिसांनी धरून आणल्यासारखा चेहरा. तो मोठा कुणी केला? मीच. त्याच सॉफ्टवेअरमध्ये डाग पुसायची, धूसरपणा काढायची आणखी एक जोड बसवली आणि सुट्टीचा सबंध दिवस त्या चेहऱ्यावर बसले. श्राद्धाला आलेल्या बायका म्हणाल्या, धाकटीनं किती केलं. वहिनींनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, रेल्वेवाल्यांची लेक, पण हिनं मला सांभाळलं. ऐकून मी पान वाढायला वळले.

याला बरीच वर्षं झाली. मध्ये माझा कॉम्प्युटर बदलला. नव्यावर मी सगळ्यात आधी काय बसवलं असेल? तेच सॉफ्टवेअर आणि तीच जोड, या वेळी पहिल्याच फटक्यात बरोबर. फोटो तिथे आहेत. फोल्डरला ऑफिसचं नाव दिलंय. घरात कुणी नसलं की कधी उघडते. पश्चात्तापानं उघडते म्हणाले तर तुम्हाला बरं वाटेल. पण तसं नाही. ती आल्याची जुडी माझ्यासमोर धरल्यासारखी दिसते, म्हणून उघडते.

वहिनी खालीच असतात. वर यायला जिन्याच्या पायऱ्या आणि उघडायला एक क्लिक — यापलीकडे मध्ये काही नाही. त्या दिवसापासून त्यांनी कॅमेरा सोडाच, मोबाइललाही स्वतःहून बोट लावलेलं नाही. मिक्सरसुद्धा दुसऱ्याला लावायला सांगतात. मुलगा हसतो, आई भित्री झाली म्हणतो.

काल त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी खालीच होते. फोन वाजत होता. वहिनींनी तो दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरला.

"तूच दाब गं," म्हणाल्या. "माझ्या हाताचा भरवसा नाही."

मी दाबलं.