एमरी फक्त वरचा सूर म्हणायचा

माझा दीर एमरी स्टिडम याने चौऱ्याहत्तर वर्षांत एकही गाणं स्वतःहून सुरू केलं नव्हतं, आणि आमच्या खोऱ्यात हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. येणार कसं? सुरू करायला माझा नवरा कॉय होता ना. कॉय तोंड उघडायचा, पहिला शब्द बाहेर पडायचा, आणि अर्ध्या श्वासाने मागून एमरी यायचा, त्याच्याहून उंच, बारीक, थोडा नाकातून. कॉय गाण्याची चाल म्हणायचा, एमरी वरचा सूर. दोघांचं मिळून एक गाणं. सख्ख्या भावांचे आवाज एकमेकांत बसतात तसे परक्यांचे बसत नाहीत, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. मी त्या दोघांच्या आवाजात पंचेचाळीस वर्षं भांडी घासली, तेव्हा मला ते कुणी पटवून द्यायला नको.

बाकीच्या बाबतीतही तेच. कोळशाच्या खाणीत लागायचं कॉयने ठरवलं, एमरी मागोमाग गेला. मुकादमाशी भांडायला कॉय पुढे, एमरी मागे उभा राहून मान हलवणार. टेकडीपलीकडे आयव्हा नावाची एक गुणी मुलगी होती, चर्चमध्ये पियानो वाजवायची. एमरी दर रविवारी तिच्या ओसरीवर जाऊन बसायचा, तिच्या बापाशी शिकारी कुत्र्यांबद्दल बोलायचा आणि घरी यायचा. असं चार वर्षं. पाचव्या वर्षी तिने पोस्टातल्या एकाशी लग्न केलं.

"अरे, एकदा विचारायचंस तरी!" मी म्हटलं.

"ती काहीतरी बोलेल म्हणून थांबलो होतो, ओपल."

मग तो आमच्या घरामागे ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या पत्र्याच्या घरात राहिला आणि जेवायला आमच्याकडे येत राहिला.

खाणीची धूळ दोघांच्याही छातीत गेली, पण कॉयच्या छातीत ती घर करून बसली. शेवटची दहाएक वर्षं त्याला एक ओळ एका दमात म्हणता येईना. ओळीच्या मधेच, जिथे थांबूच नये तिथे, तो थांबायचा, श्वास ओढायचा, की पुढे. एमरीही थांबायचा, अगदी तेवढाच. दोघं त्याबद्दल कधी एक अक्षर बोलले नाहीत. नवखा माणूस ऐकायला आला तर त्याला वाटे, गाणंच तसं आहे.

दोन वर्षांमागे ऑक्टोबरात कॉय गेला. पहिल्या आठवड्यात मी आणि एमरी जेवायला बसलो, समोर बीन्स, मक्याचा पाव, चिरलेला कांदा. प्रार्थनेसाठी माना खाली घातल्या. प्रार्थना कायम कॉय म्हणायचा. आम्ही तसेच बसून राहिलो, एकमेकांची वाट पाहत. बीन्स गार झाले. शेवटी मीच "आमेन" म्हणून टाकलं, पुढचं-मागचं काही नसताना.

त्यानंतर एमरी जायचा अशी एकच जागा उरली, जुन्या शाळेतले रविवार.

आमची व्हर्ना ब्लेव्हिन्स वाचनालयातून निवृत्त झाली आणि तिला घरी करमेना. तिने बंद पडलेल्या शाळेच्या मोठ्या खोलीत साठ खुर्च्या मांडल्या आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीन वाजता गाणी सुरू केली. बाहेरगावची तरुण मंडळी येतात, कुणी बँजोवाला, कुणी फिडलवाली, कुणी एकटाच गिटार घेऊन ब्लूज म्हणणारा. ज्यांचं नाव अजून व्हायचंय असे. गाडीतच झोपतात बिचारे, व्हर्ना त्यांना पोटभर जेवू घालते. तिचा नियम एकच, माईक नाही, वायर नाही. ऐकायचं असेल तर गप्प बसा. पाहुण्यांच्या आधी गावातल्या कुणीतरी एक-दोन गाणी म्हणायची. पूर्वी ती बहुतेक वेळा हे दोघं भाऊच म्हणायचे.

कॉय गेल्यावर एमरी शेवटच्या रांगेत, शेगडीजवळ बसायला लागला. आणि पुढे कोण काय म्हणतंय याच्याशी देणंघेणं नाही, हा डोळे मिटून हळूच त्याच्यावर आपला वरचा सूर ठेवणार. एकदा मेम्फिसकडचा एक ब्लूजवाला आला होता. बायको सोडून गेली, घरात कुणी नाही, असं जीव तोडून सांगत होता, तर मागून एमरी जोडीला! तो थांबला, हसला आणि म्हणाला, "काका, या गाण्यात मी एकटा आहे हो!"

सगळी खोली हसली. एमरीसुद्धा. पण पुढच्या गाण्यात पुन्हा तेच.

व्हर्नाने हे पाहिलं आणि तिच्या डोक्यात काहीतरी शिजलं. फेब्रुवारीत तिने एमरीला विचारलं, "मार्चमध्ये सुरुवातीला तू म्हणशील?" एमरी म्हणाला, "हं." आता एमरीचा "हं" म्हणजे 'ऐकू आलं' इतकंच. व्हर्ना इतकी पुस्तकं वाचलेली बाई, पण तिने तो होकार धरला. चार दिवसांनी पोस्टावर, चर्चच्या दारावर, जनावरांच्या खाद्याच्या दुकानात कागद लागले. पाहुणी गायिका जूनी रॅटलिफ. आधी, एमरी स्टिडम.

त्यातला एक कागद काढून घेऊन तो माझ्या स्वयंपाकघरात आला.

"ओपल, हे माझं नाव आहे."

"तेवढं वाचता येतं मला."

"मी काय म्हणणार तिथे?"

"आईचं म्हण. डब्याचं."

ते गाणं त्यांच्या आईने रचलेलं. त्यांचा बाप खाणीत मेला तेव्हाचं. डबा आला, टोपी आली, तो आला नाही, असं. या दोघांनी ते इतक्या मयतींना म्हटलंय की आमच्याकडे कुणी आजारी पडलं तरी लोक म्हणतात, स्टिडम बंधूंना निरोप द्या.

"मला त्याची चाल येत नाही," एमरी म्हणाला.

"वेड लागलंय का? हजार वेळा म्हटलंयस."

"मी कुठे म्हटलंय? कॉयने म्हटलंय. मी वर होतो."

मी म्हटलं, म्हणून तर बघ. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली, घसा साफ केला आणि सुरू केलं. पहिले दोन शब्द कसेबसे चालीत गेले आणि तिसऱ्याला आवाज आपोआप वर चढला, शिडी दिसली की मांजर चढतं तसा. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर पहिल्याच शब्दाला.

"घशाला तेवढीच वाट माहीत आहे," तो म्हणाला आणि खाली बसला.

"मग व्हर्नाला सांग, नाही जमत म्हणून."

"कागद लागलेत. आता माघार घेतली तर मला तिथे तोंड दाखवता यायचं नाही. उभा राहिलो आणि फजिती झाली, तरी यायचं नाही." तो टोपी फिरवत राहिला. "आणि तिथे नाही गेलो तर मी जाऊ कुठे, ओपल?"

मी कॉफी ओतली.

व्हर्नाला कळल्यावर तिने तोडगा काढला. वीस वर्षांपूर्वी वाचनालयात तिने दोघांची कॅसेट भरून घेतली होती. ती लावू, कॉयचा आवाज येईल, तू वरून म्हण.

"मेल्यावर तरी त्याला सुट्टी द्या," एमरी म्हणाला आणि चालायला लागला.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी जेवणं झाली. मी भांडी घासत होते. एमरी मागे टेबलाशी बसला होता. एकदम म्हणाला, "तू म्हण ना चाल."

"कोण, मी?"

"तुला येते. आत्ता म्हणत होतीस."

मला खरंच कळलं नव्हतं मी म्हणतेय ते. "साठ माणसांपुढे? माझा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. लोक उठून दाराला तेल घालतील."

तो हसला नाही. "कॉयच्या जागी उभी राहा. दोनच मिनिटं."

"नाही बाबा."

"बरं," तो म्हणाला. एमरीने आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मी तेवढंच ऐकलं. आवाजाचं मी उगाच सांगितलं होतं. त्या जागी मी उभी राहिले की तिथे आता कॉय उभा राहणार नाही, हे साठ माणसांसमोर कबूल केल्यासारखं होतं, आणि माझी तयारी नव्हती. हे एमरीला सांगायला हवं होतं. मी कढई घासत राहिले.

रविवारी सगळीकडे चिखल होता. मी सुक्या सफरचंदांचा थरांचा केक घेऊन गेले, कारण रिकाम्या हाताने तिथे कुणी जात नाही. खोली भरलेली. जूनी रॅटलिफ भिंतीशी गिटारच्या तारा जुळवत बसली होती, चोवीस-पंचवीसची, लांब मानेची, नम्र मुलगी. मला म्हणाली, "मॅम, तुमच्या घरातल्या दोघांची कॅसेट व्हर्नामॅमनी पाठवली होती मला. महिनाभर गाडीत तेच ऐकत होते." मला बरं वाटलं, आणि वाटलंही नाही.

व्हर्नाने नाव पुकारलं. एमरी पुढच्या लाकडी चौथऱ्यावर चढला. मधोमध उभा राहिला नाही. पाऊलभर उजवीकडे, जिथे तो कायम उभा राहायचा तिथे. डावीकडे, कॉयच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. पायाने ठेका धरला. एक, दोन, आणि कुणीतरी पहिला शब्द म्हणावा इतका थांबला, आणि मग आला.

वरच्याच सुरात.

चालीचा प्रयत्नसुद्धा केला नाही त्याने. नुसता वरचा सूर, एकटा, खाली काही नाही. ज्यांनी कधी असं ऐकलं नाही त्यांना कसं सांगू? शब्द ओळखीचे, पण गाणं ओळखू येत नाही. भलत्याच ठिकाणी वर जातं, भलत्याच ठिकाणी एका जागी उभं राहतं. पुढच्या रांगेतली दोन माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी खोकलं. दुसऱ्या कडव्यात ओळीच्या मधेच तो थांबला. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "विसरला गं." विसरला नव्हता. तो कॉयचा श्वास होता. तेवढा झाला आणि एमरी पुढे निघाला.

तिसऱ्या कडव्याला जूनीच्या लक्षात आलं काय चाललंय ते. चांगल्या कानाची मुलगी. ती जागेवरूनच हळूच खालची चाल म्हणायला लागली, एकदम स्वच्छ, गोड. खोलीतल्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आत्ता कुठे गाणं दिसलं त्यांना. एमरीने तिच्याकडे बघितलंही नाही. नुसता तळहात उचलला, गाईला फाटकाशी थांबवतात तसा. ती गप्प झाली. त्याने उरलेलं एकट्याने म्हटलं, शेवटच्या ओळीतही मधे थांबून, आणि खाली उतरला.

टाळ्या पडल्या. पाहुण्याला वाढावं तशा, शिष्टाचाराच्या. मागच्या दोघा-तिघा म्हाताऱ्या खाणकामगारांनी वाजवल्या नाहीत, ते मांडीकडे बघत होते.

जूनी लाल होऊन त्याच्याजवळ आली. "माफ करा, सर. मी मधे पडायला नको होतं. चुकलं का माझं काही?"

"काही चुकलं नाही, पोरी," एमरी म्हणाला. "एका दमात म्हणतेस तू. छाती चांगली आहे तुझी. सांभाळ तिला."

आणि कोट घेऊन बाहेर गेला.

ती गायली फार छान. मी शेवटपर्यंत बसले, अर्ध्यातून उठणं बरं दिसलं नसतं. बाहेर आले तर एमरी ट्रकमध्ये बसलेला, काचा वाफेने भरलेल्या. मी चढून बसले. त्याने ट्रक सुरू केला नाही.

"पुढच्या महिन्यात येईन मी," तो म्हणाला. "मागे बसेन. व्हर्नाला सांग, माझं नाव कागदावर नको."

"सांगते."

"लोकांना कळलं नाही ना काही?"

"तिघांना कळलं असेल."

"तुला?"

"मला सगळं ऐकू आलं, एमरी. दोघंही."

त्याने मान हलवली आणि चावी फिरवली. रस्ताभर तो चिखलातल्या चाकोऱ्यांकडे बघून चालवत होता आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्या मुलीला कॅसेटवरचा कॉय मिळाला होता, वीस वर्षांपूर्वीचा, धडधाकट. शेवटच्या कॉयची चाल, मोडकी, नको तिथे तुटणारी, ती जगात एकाच माणसाला येत होती, मला. ते श्वास मी रात्र रात्र शेजारी पडून मोजले होते. एमरीने मला विचारलं होतं, आणि मी बिजागरीचं काहीतरी बोलले होते.

घर आलं. त्याने मला दारात उतरवलं आणि ट्रक मागे ट्रेलरकडे नेला. जेवायला येतोस का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "आज नको."