फोनाचं बोट

आज रेशनच्या दुकानात मशीनने माझा अंगठा घेतला नाही. दुकानदार म्हणाला, "मावशी, पुसून ठेवा ना." आणि तो जुना दिवस आठवला.

लेक लग्न होऊन वणीला गेली, तेव्हा तिने मला टचफोन घेऊन दिला. "आई, हिरवं चिन्ह हळूच सरकवजो," असं शिकवलं. एकदा कापूस वेचताना तो वाजला. तिचं नाव दिसत होतं. बोंडांनी चिरलेलं, राठ झालेलं बोट मी सरकवत राहिले, पण काचेला ते कळेच ना. पदराला पुसलं, थुंकी लावली. फोन वाजायचा थांबला. उलट फोन लावायलाही तीच राठ बोटं. शेतात दुसरं कोणी नव्हतं. पुन्हा वाजला तेव्हा मी रडत रडत काचेवर नाक घासलं.

"आई, काहून उचलून नाही राह्यली? मले घ्यायले ये. आत्ताच ये."

"निघाली मी."

ती आली, ती कायमचीच.

अजूनही वेचणीला जाताना मी एक बोट चिंधीने बांधते. बाया हसतात, "हे इचं फोनाचं बोट." मीही हसते. तेव्हाही उचलता आला नसता, तर तिने तिसऱ्यांदा फोन लावला असता का, हे मात्र लेकीला विचारायचा धीर होत नाही.