मोडनिंबजवळची अमेरिकन दुनळी

मला जुन्या बंदुकांचा नाद आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या कपाळावरच्या भस्माकडे बघतो. आमच्या घरात अंडंही येत नाही. मी आजवर एक पाखरू मारलेलं नाही आणि मारणारही नाही. सोलापुरात टॉवेलचा व्यापार करतो. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन दुनळी बंदुकांचे फोटो मोठे करून बघत बसतो. आई अजून कानडीत विचारते, ‘इद याक बेक?’ हे कशाला हवं? जीव घ्यायला केलेली वस्तू आपल्याला इतकी सुंदर का वाटावी, हे मलाच कळत नाही, आणि त्याची टोचणी असतेच.

एवढं मात्र सांगता येतं की या बंदुकांनी मला प्रश्न पाडले. तिकडचे कारखाने एकच बंदूक हलक्या-भारी अशा अनेक प्रतींत काढत. आतलं यंत्र तेच. खालच्या प्रतीची सपाट, शेतकऱ्याने खोपटात टांगावी अशी. वरच्या प्रतीची मात्र कोरीव कारागिराकडे जाई. तो पोलादावर कुत्री, गवत, उडणारे पक्षी कोरी. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता निवडून लावत. जुन्या नळ्या तर लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, एकमेकींत गुंफून घडवलेल्या, त्यामुळे नळीच्या अंगावरच वीण दिसते. पहिल्यांदा तो फोटो पाहिला तेव्हा मला जेकार्ड मागावर विणलेली चादर आठवली. धंद्यात आयुष्य गेल्यावर लोखंडातसुद्धा ताणाबाणा दिसायला लागतो.

संग्रह हा शब्द माझ्या बाबतीत मोठाच आहे. कायद्याने आता दोनच बंदुका ठेवता येतात. एक साधी माझ्याकडे होती. म्हणजे उरलेल्या आयुष्यासाठी एकच जागा रिकामी, आणि ती मी जपून ठेवली होती.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरताना ओळखीच्या बंदूकविक्रेत्याचा फोन आला. मोडनिंबजवळच्या एका वस्तीवर एक म्हातारी आपली डबल बार, म्हणजे दुनळी, काढून टाकायची म्हणते. नवऱ्यामागे परवाना तिच्या नावावर झाला होता. ‘अमेरिकेची दिसते. तुमच्या उपयोगाची आहे का बघून या,’ तो म्हणाला.

मी दुसऱ्याच दिवशी गेलो, सोलापूरचा टॉवेलवाला म्हणून ओळख सांगितली. त्या मावशींचे गुडघे गेलेले होते. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, संपली की परत आणायची, याला त्या कंटाळल्या होत्या. सुनेने कपाटातून कापडी पिशवी आणून माझ्या मांडीवर ठेवली.

बंदूक वंगणाने आणि धुळीने काळी झाली होती. मी रुमालाने चापाच्या वरची बाजू थोडी पुसली. आधी एक कान दिसला, मग कुत्र्याचं पूर्ण तोंड, मग गवतातून उठणारा पक्षी. आणि त्या सगळ्याच्या मागे रंग होते. पोलाद खास भट्टीत तापवून पाण्यात टाकलं की त्यावर निळे, जांभळे, तपकिरी ढग उठतात. पारव्याच्या मानेसारखे. हा रंग एकदाच चढतो आणि हाताळून उडतो. शंभर वर्षांनी तो शिल्लक असणं दुर्मीळ, आणि तोच मूळचा रंग असणं हे या छंदात सर्वस्व असतं. इथे तो मळाखाली जसाच्या तसा होता.

‘कशी हाय वो आप्पा?’ मावशींनी विचारलं.

‘जुनी आहे मावशी,’ मी म्हणालो. ‘साधीच आहे. पण चालेल मला.’

तोंडातून ते इतकं सहज गेलं की मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. खरं सांगितलं तर त्या आणखी चौघांना दाखवतील आणि बंदूक हातची जाईल, एवढंच डोक्यात होतं. दसऱ्यानंतर कागदपत्रं करू असं ठरलं. उठताना, साध्या वस्तूबद्दल बोलावं तसं बोलायचं म्हणून, मी आणखी एक वाक्य टाकलं. ‘तोवर जरा पुसून ठेवा.’

त्या महिनाभरात मी सुखात होतो. हा कुठला पक्षी, ही बंदूक कोणासाठी केली असेल, कोणत्या बंदरातून इकडे आली असेल, मोडनिंबपर्यंत कोणी आणली असेल? रोज एक नवी शंका. खोटं बोललो होतो हे मात्र मी मनाच्या मागच्या खोलीत टाकून दार लावून घेतलं होतं.

दसऱ्यानंतर गेलो तेव्हा मावशी ओसरीवर वाटच बघत होत्या. बंदूक पाटावर होती. पूजेचा झेंडू अजून नळीला बांधलेला. ती घासलेल्या भांड्यासारखी लखलखत होती.

‘वळखू येतीय का बगा,’ मावशी म्हणाल्या. ‘दोन दिवस घासत व्हतो आमी दोगी. चिंच लावली, राख लावली, तरी ते निळं-काळं जाईना. मग इटंचा भुगा घेतला. खंडेनवमीला दरसाल नुसतं हळदकुकू वाहतो. औंदा म्हणलं, दुसऱ्याच्या घरी जायाची हाय, अशी काळी कशी द्यायची? तुमी बी म्हणलावता की पुसून ठेवा.’

आमच्याकडे नवमीला घरातलं प्रत्येक हत्यार धुऊन पूजेला मांडतात. देवाची भांडी जशी घासायची तशीच त्यांनी ही घासली होती, आणि मनापासून. रंग पार गेला होता. कुत्र्याच्या पाठीवरचे केस झिजून सपाट झाले होते. पक्ष्याच्या पंखांच्या रेघांत कुंकू बसलं होतं.

मी बंदूक मांडीवर घेतली. हात आपोआप कामाला लागले. नळीखालचं पुढचं लाकूड खटका ओढून काढलं, कारण त्या लाकडाच्या आड चिंच पोचली असणार नाही असं वाटलं. पोचली नव्हती. लाकडाने झाकलेल्या दोन बोटांएवढ्या जागेत निळा आणि जांभळा जसाच्या तसा होता.

मावशी वाकून बघत होत्या. ‘ह्यो डाग ऱ्हायला व्हय? आण गं चिंच.’

सून उठली. आता गप्प राहिलो असतो तर उरलेलाही गेला असता, आणि माझं खोटंही कुणाला कळलं नसतं.

‘नको,’ मी म्हणालो. ‘डाग नाही तो. सगळी बंदूक अशी होती. हा मूळचा रंग आहे. ही वरच्या प्रतीची बंदूक आहे मावशी, साधी नाही. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.’

सून जागच्या जागी थांबली. ‘म्हंजी आमी वाटोळं केलं म्हणा की.’

‘तुम्ही नाही. मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही हात लावला नसता.’

मावशींनी पदराने हात पुसले. ‘मग साधी का म्हणलासा?’

‘तुम्ही दुसऱ्या कुणाला दाखवाल अशी भीती वाटली.’

‘दाखवली असती की. आमची हाय.’ मग अगदी शांतपणे, ‘इणकराकडनं टावेल बी असंच घेता व्हय?’

‘कधी कधी,’ मी म्हणालो. तेही खरंच होतं आणि ते बोलून झाल्यावर मला तिथे बसणं अवघड झालं.

पण त्यांनी मला उठू दिलं नाही. बंदूक स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली आणि पक्ष्यावर बोट ठेवलं. ‘आता सगळं सांगा. हे पाखरू कसलं? आमचे मालक तितर म्हणायचे.’

‘तितर नाही. लाव्यासारखा असतो, अमेरिकेतला.’

‘बगा गं,’ त्या सुनेला म्हणाल्या, ‘इतकी सालं परदेशी पाखराला कुकू लावतोय आपण.’ सून पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसू आलं आणि त्याची लाज वाटली.

मग त्यांनी नळीवरची वीण विचारली, कोरणाऱ्याला बायकापोरं होती का ते विचारलं, तिकडे खंडेनवमी करतात का ते विचारलं. शेवटी त्यांनी लाकूड पुन्हा जागेवर बसवायला लावलं आणि बंदूक सुनेकडे दिली. ‘ठिव कपाटात. आता द्यायची न्हाई.’ मग माझ्याकडे वळून, ‘परवाना संपत आलाय माजा. माजं गुडगं काय एस्टीत चढत न्हाईत. तुमीच न्यायचं गाडीनं.’

मी हो म्हणालो. दुसरं काही म्हणण्याचा हक्क मला नव्हता.

त्यामुळे त्याच हिवाळ्यात परवाना नवा करून घ्यायला मी त्यांना मोडनिंबहून सोलापूरला घेऊन आलो. मावशी पुढच्या सीटवर, बंदूक पिशवीत मागे सुनेजवळ. कचेरीतल्या कारकुनाने परवाना चाळला. त्यावर नुसतं डबल बार एवढंच होतं. त्याने पिशवीकडे बघून विचारलं, ‘आजी, कुठल्या बनावटीची आहे ही?’

मावशींनी माझ्याकडे बोट केलं. ‘ह्यांना इचारा. ह्यांना सगळं ठावं हाय.’

मी सांगितलं. बनावट सांगितली, प्रत सांगितली, नळ्या कशा गुंफतात ते सांगितलं, पक्षी कुठला ते सांगितलं. रंग होता आणि तो माझ्यामुळे गेला, हेही सांगितलं. कारकून पेन हातात धरून ऐकत राहिला. रांगेतल्या मागच्या माणसाने घसा खाकरला तेव्हा मी थांबलो.

‘अजून ऱ्हायलंय का काय?’ मावशींनी विचारलं. ‘मग गाडीत सांगा. ह्या माणसाचा खोळंबा हुतोय.’