देवांच्या स्नानाचे पाणी

स्नेहीजनहो, आज तिथीने माझ्या पत्नीचा वाढदिवस. पक्षाघाताने दोन वर्षांपूर्वी तिची वाचा आणि हातपाय गेले. बुद्धी मात्र लख्ख आहे. प्रथेप्रमाणे सकाळीच मी तिच्या डोक्याला तीळतेल लावले.

दहा वाजता तंत्रज्ञ मुलगी मेंदूचे संकेत टिपणारी टोपी घेऊन आली. ना शस्त्रक्रिया, ना सुई. उजवा हात हलवल्याची कल्पना केली की पडद्यावर ‘होय’, डावा हलवल्याची केली की ‘नाही’. महिनाभराच्या सरावानंतर आज चाचणी होती. ती जमली तरच यंत्र आमच्या घरी राहणार होते.

पडदा कोराच!

“काका, एवढं तेल कशाला चोपडलं? डोकं धुतल्याशिवाय काय दिसायचं नाय.”

आमच्या पडेगावात टँकर परवा येणार. घरात देवांच्या स्नानासाठी राखलेली एकच कळशी होती. ती उचलून मी हिचे केस धुतले. देव दोन दिवस थांबतील.

टोपी पुन्हा चढली. मुलीने विचारले, “काकू, काका रोज पहाटे पोथी वाचतात, ते आवडतं?”

मी निश्चिंत होतो. पडद्यावर आले, ‘नाही’.

मुलगी हसू दाबत म्हणाली, “परत विचारू का, काका?”

“विचार.”

पुन्हा ‘नाही’.

“मग जरा उशिरा चालेल, काकू?”

‘होय’.

दोन वर्षे मी तिला पहाटे चार वाजता जागे करीत होतो, तेही पुण्य समजून! यंत्र आता आमच्याकडे राहिले आहे. उद्यापासून पोथी सात वाजता, आणि तीही हिला विचारूनच उघडेन.

आपल्या घरातील न बोलणाऱ्या माणसाला आपण शेवटचे केव्हा विचारलेत?