खालची रिकामी पट्टी

मी तापट आहे, हे अख्ख्या ब्रह्मपुरीला माहीत होतं. नागपूरहून कोर्स करून आले, बसस्टँडमागे कॉम्प्युटर क्लास काढला. वेबसाइटची ओळन् ओळ मी हातानं लिहायचे, आणि त्याचा तोरा असा की विचारू नका! माउसनं चित्रं ओढून वेबसाइट करायचं सॉफ्टवेअर क्लासमध्ये होतं, पण ते आळशांसाठी आहे असं मी पोरांना ठणकावून सांगायचे.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. एका नाटक कंपनीच्या मालकांनी मला वेबसाइट करायला सांगितली. त्यांचे बोर्ड वीस वर्षांपासून एक पेंटरचाचा रंगवत होते. पण आता नागपूरहून फ्लेक्स छापून येऊ लागले होते. मालक माझ्यासमोरच म्हणाले, "चाचा, दिवाळीपर्यंत पाहतो. मंग फ्लेक्सच लावतो. तुमच्यासाठी काम उरून नाई राह्यलं." चाचा हातातला ब्रश पुसत राहिले. मला मात्र फार वाईट वाटलं.

मी आठ दिवस खपून वेबसाइट लिहिली. मालकांच्या कॉम्प्युटरवर उघडली, तर मराठीच्या जागी नुसते चौकोन! माझा फॉन्ट त्यांच्याकडे नव्हता. मालक हसले, मी चिडले. चाचा म्हणाले, "मॅडम, मी कागदावर अक्षरं रंगवून देतो. त्याचा फोटोच लावा ना."

दुसऱ्या दिवशी ते अक्षरं आणि नाटकातली चित्रं रंगवलेले कागद घेऊन क्लासवर आले. मी स्कॅन केले आणि कोड लिहायला बसले. चाचा मागून सुरूच, "जरा उजवीकडे घ्या... नाई नाई, लय झालं... हिरोचं तोंड काऊन दाबून राह्यल्या?" दर वेळी मी आकडे बदलायचे. शेवटी माझं डोकं फिरलं. "मग तुम्हीच करा!" म्हणून मी ते आळशांचं सॉफ्टवेअर उघडलं आणि माउस त्यांच्या हातात कोंबला.

अन् काय सांगू! आधी त्यांनी रेघ मारायचा निळीचा दोरा काढून थेट मॉनिटरवर धरला. काचेवर निळी रेघ उमटली, मी ओरडले. मग त्यांनी एकेक चित्र ओढलं, सरकवलं, लांबून एक डोळा मिटून पाहिलं. तासाभरात वेबसाइट अशी उभी राहिली की मला लाज वाटली. नजर त्यांच्याकडे होतीच. मधे मी आणि माझा कोड आडवे बसलो होतो.

फक्त खाली त्यांनी एक पांढरी पट्टी सोडली होती. दिनांक, स्थळ, आणि पुढे कोरं. तोच बोर्ड गावोगाव फिरतो, म्हणून गावाचं नाव रंगीत खडूनं लिहायची जागा ठेवायची त्यांची सवय.

"अहो चाचा, वेबसाइट आहे ही! अर्धवट दिसते ना!"

"राहू द्या मॅडम. रिकामं दिसलं का माणसाले भरावं वाटते."

वेबसाइट तशीच इंटरनेटवर चढवली. दिवाळी आठ दिवसांवर आली, तरी वेबसाइट पाहून कुणाचा फोन नाही. चाचा रोज येऊन विचारायचे, आणि मी उगाच पोरांवर खेकसायचे. मग एका दुपारी मालकांकडे पुण्याहून फोन आला. वैनगंगेपलीकडच्या एका गावचा, पुण्यात नोकरीला असलेला माणूस. "साइटवर स्थळ रिकामं दिसून राह्यलं. आमचं गाव लिहून टाका. मंडईवाल्यांशी बोललो मी."

चाचांनी ते नाव लाल रंगात रंगवलं, स्वतः स्कॅन केलं आणि स्वतःच पट्टीत नेऊन बसवलं. मला हातही लावू दिला नाही. मालक मागे उभे राहून पाहत होते. त्यांनी घसा खाकरला.

"चाचा," ते म्हणाले, "खालची पट्टी जराशी मोठी करा. एवढ्यात एकच गाव मावते."