पलीकडून बोलणारा माझा विद्यार्थी

निवृत्त होऊन मला चौथं वर्ष लागलं होतं. चौलच्या घरात मी एकटीच राहते. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ओटीवर बसून मोड आलेले वाल सोलत होते आणि मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल होता. उघडला तर समोर खाकी गणवेशातला एक माणूस. हिंदीत म्हणाला, तुमच्या नावाने परदेशी निघालेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत. आता घराबाहेर पडायचं नाही, कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही.

असल्या फोनांविषयी मी पेपरात वाचलं होतं. शेजारणीला समजावूनही सांगितलं होतं. तरी मला तो फोन बंद करता आला नाही. त्याला माझं पूर्ण नाव, आधारचे शेवटचे आकडे, शाळेचं नाव, सगळं ठाऊक होतं. मी हिंदीत अडखळतेय हे बघून तो म्हणाला, "मराठी अफसर से बात करो." त्याचं चित्र गेलं. काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात फक्त माझाच घाबरलेला चेहरा उरला.

नवा आवाज तरुण होता. समोरचा कागद वाचावा तसा बोलत होता. "मॅडम, तुमच्यावर गंभीर गुन्हा दाखल आहे. सहकार्य केलं नाहीत तर तुम्हाला सतर न्यायालयात उभं करण्यात येईल."

"सत्र," मी म्हणाले.

तोंडातून निघूनच गेलं. सगळी नोकरी मराठी शिकवण्यात गेलेली. सवय जात नाही. पलीकडचं वाचन तिथेच थांबलं. आणि त्याच क्षणी मला तो आवाज ओळखू आला.

मिठागरांच्या गावाकडून सायकलवर शाळेत येणारा एक मुलगा होता. वडील बंदरावर ट्रेलर चालवायचे. वक्तृत्वात पहिला, पण जोडाक्षर आलं की अडायचा. पत्र, मित्र, सत्र, रात्र. मधल्या सुट्टीत मी ते त्याच्याकडून घोटून घ्यायचे. मागच्या वर्षी त्याची आई रेवदंड्याच्या बाजारात भेटली तेव्हा आनंदात होती. पोराला थायलंडला कॉम्प्युटरचं काम लागलं होतं. व्हिसा, तिकीट, सगळं एजंटानेच केलं होतं.

"सत्र न्यायालयात," पलीकडून आवाज आला. या वेळी बरोबर. सावकाश, आणि शेवटी जरासा कापरा.

त्याच्या नावाने हाक मारायची माझी जीभ उचलली होती. मी ती दाताखाली धरली. एक ठग माझ्याच शाळेतून निघाला, असं क्षणभर मनात आलं आणि रागही आला. पण तो आवाज ठगाचा नव्हता. पाठ न झालेली कविता म्हणायला उभं केलेल्या मुलाचा तो आवाज होता. मी त्याला पाहू शकत नव्हते. तो मला पाहत होता. आणखी कोण कोण पाहत होतं, देव जाणे.

मी घाबरलेल्या म्हातारीसारखीच बोलत राहिले. तसं सोंग करायची गरजही नव्हती. "साहेब, तुमच्याजवळ तुमचे वरिष्ठ आहेत का?"

"मागेच उभे आहेत. सगळं रेकॉर्ड होतंय."

"साहेब, सुटायचा काही मार्ग नाही का हो?"

तो ओरडला. इतक्या जोरात की मी दचकले. "मार्ग नाही! इथून कुणी सुटत नाही! केस नंबर लिहून घ्या!"

मी वालाच्या ओल्या हातांनी कॅलेंडरवर लिहिलं. एक इंग्रजी अक्षर आणि सात आकडे. त्याने ते दोनदा सांगितले. "हा नंबर घरच्यांना कळता कामा नये. कळलं ना, बाई? घरच्यांना."

इतका वेळ तो मॅडम म्हणत होता. मागून कुणीतरी हिंदीत काही बोललं, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि फोन बंद पडला.

 त्याने मला बाई म्हटलेलं कुणी ऐकलं असेल का, एवढंच डोक्यात फिरत होतं. मग कॅलेंडरचं ते पान घेऊन रिक्षाने त्याच्या घरी गेले.

त्याच्या आईला मी सगळं सांगितलं नाही. तो नंबर पासपोर्टचा असावा असं वाटत होतं, म्हणून पासपोर्टची झेरॉक्स आहे का, एवढंच विचारलं. तिने ट्रंकेतून ती काढली. अक्षर तेच, आकडे तेच. केस नंबर म्हणून त्याने आपला पासपोर्ट नंबर सांगितला होता.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "बाई, काय झाला? महिना झाला, फोन न्हाय. निस्ता मेसेज येतो, कामात हाय म्हनून. माज्या पोराला मारतात का वो?"

"नाही," मी म्हणाले. इतकं साफ खोटं मी त्या बाईशी कधी बोलले नव्हते.

पोलीस ठाण्यात आम्ही दोघी गेलो. समोरच्या हवालदाराला वाटलं, मी फसवणुकीची तक्रार घेऊन आलेय. "तुमचं काही गेलं नाही ना? मग नंबर ब्लॉक करा." मी म्हणाले, "माझं गेलं नाही, हिचं गेलंय." तेव्हा आतल्या खोलीतून एक महिला अधिकारी बाहेर आल्या. त्यांनी आम्हाला बसवलं आणि एकेक गोष्ट विचारली. पासपोर्ट कुणाकडे आहे? फोनवर मोकळं बोलतो का? सांगितलं होतं तेच काम आहे का? मनात आलं तर परत येऊ शकतो का? सगळं ऐकून त्यांनी कागदावर लिहिलं: मानवी तस्करी. तो शब्द मी आजवर फक्त मुलींच्या बाबतीत ऐकला होता. शिकलेला, धडधाकट मुलगाही असा विकला जातो, हे मला ठाऊक नव्हतं. मग थायलंडमधल्या भारतीय दूतावासाला पत्र गेलं, त्यात तो नंबर होता.

चार दिवसांनी भर दुपारी माझ्या फाटकाशी पांढरी गाडी थांबली. उतरला तो एजंट. हसून वाकून नमस्कार केला. "बाई, ओळखलं नाहीत? मला शिकवलंय तुम्ही. त्या पोराला थायलंडला मीच पाठवलं." मी खरंच ओळखलं नाही. तो वाडीतल्या पोफळींकडे बघत म्हणाला, "एकट्याच असता ना इथे? कशाला उगीच लोकांच्या भानगडीत पडता? तक्रारीचं तिकडे कळलं, तर त्रास पोरालाच होईल."

तो गेल्यावर मी आतून कडी लावली आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. माझ्यासाठी वाटलेली भीती तितकी नव्हती. त्याचं शेवटचं वाक्य खरं ठरलं तर? मी तक्रार केली म्हणून त्या मुलाला कुणी पट्ट्याने मारत असलं तर?  तरी संध्याकाळच्या आत मी त्या अधिकाऱ्यांना फोन केला आणि गाडीचा नंबर सांगितला.

एजंटला आठवड्याभरात पकडलं. मुलगा परत यायला मात्र पाच महिने लागले. थायलंड सांगून त्याला सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेलं होतं; तिथल्या कुंपण घातलेल्या एका वसाहतीतून बऱ्याच मुलांना बाहेर काढलं, त्यांत तो होता. भेटायला आला तेव्हा निम्मा झाला होता. डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही म्हणाला. का, ते मी विचारलं नाही.

"तुमचं नाव फोन करायच्या यादीत होतं, बाई, पण पडद्यावर दिसेपर्यंत तुम्हीच असाल असं वाटलं न्हाय," तो म्हणाला. "तुम्ही 'सत्र' म्हणालात आणि मी गारठलो. तुम्ही माझं नाव घ्याल म्हणून. नाव घेतलं असतंत तर मला खाली नेला असता."

खाली म्हणजे कुठे, तेही मी विचारलं नाही. चहा निवत चालला होता. मग त्याने हळूच सांगितलं, की त्याच्या शेजारच्या खुर्चीवर मुरुडकडचा एक मुलगा बसायचा. सुटकेच्या आदल्या आठवड्यात त्याला दुसरीकडे विकलं. त्याच्या घरी अजून कुणाला काही ठाऊक नाही.

"मला घर माहीत आहे," तो म्हणाला, "पण एकट्याने सांगायला जमणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघं मुरुडला गेलो. एका बाईंनी दार उघडलं आणि हसून विचारलं, कोण पाहिजे तुम्हाला?  मीच बोलायला सुरुवात केली.